मध्यबिंदूवरचं घर

२ फेब्रुवारी

नोकरीचा पहिला दिवस. निघताना आईने विचारलं, "आरोग्य खात्यात नकाशे काढायचे म्हणजे नक्की काय करणार तू?" मी म्हटलं, "कुठे कुठला रोग आहे ते ठिपक्यांनी भरायचं." आई म्हणाली, "म्हणजे भरतकामच. शाळेत साधा टाका घालायला सांगितला तर रडायचीस."

ही डायरीपण आजपासूनच. आमच्या विभागाच्या डॉक्टर, सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणतात, इंटरव्ह्यूलाच म्हणाल्या होत्या, "इंग्लिश मिडियम का? मग लोक एकोणसत्तर म्हणणार आणि तुम्ही एकोणसाठ लिहिणार." लागलं मला ते. म्हणून रोज थोडं मराठीत. चुकलं तर चुकलं, वाचणार कोण आहे.

विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक लांब खोली. दोन कॉम्प्युटर आणि एक पंखा, जो फक्त तात्यांवर वारा घालतो. तात्या सीनियर. पुढच्या वर्षी रिटायर होणार, त्यामुळे कशालाच घाबरत नाहीत. त्यांनी मला काळ्या आजाराचा नकाशा दिला. गेल्या पंचवीस वर्षांतला प्रत्येक पेशंट म्हणजे एक लाल ठिपका. वाळूमाशी म्हणून एक इवलीशी माशी असते, मातीच्या भिंतींच्या भेगांमध्ये राहते. ती चावली की हा रोग. महिनोन्‌महिने ताप, प्लीहा फुगून पोट मोठं होतं, अंग काळपट पडतं. औषध वेळेवर मिळालं तर माणूस उठून बसतो. नाही मिळालं तर जातो.

मला तो नकाशा इतका आवडला की लाज वाटली. रोग कसा नदीच्या कडेकडेने चालत गेलाय ते अक्षरशः दिसतं.

जेवताना घरी सगळं सांगितलं. बाबा एरवी पन्नास प्रश्न विचारतात. पोस्टात आयुष्य गेलं त्यांचं, नकाशा म्हटलं की खुलतात. आज फक्त म्हणाले, "कुठल्या सालापासूनचा?"

"पंचवीस वर्षांचा."

"हं." मग उठून फाटक लावायला गेले. फाटक लावलेलंच होतं.

१० फेब्रुवारी

माझं पहिलं क्लस्टर. मला वाटतं मी काहीतरी शोधून काढलंय.

नदीपासून लांब, पार दुसऱ्या टोकाच्या एका जिल्ह्यात, मधोमध एक लाल डाग आहे. झूम केलं की बाकीचे डाग सुटे होतात, ठिपके ठिपके दिसतात. हा सुटतच नाही. कितीही आत जा, सगळे एकावर एक. शेकडो पेशंट, आणि सगळे एकाच घरात. उपग्रहाच्या फोटोत पत्र्याचं छप्पर दिसतं. आजूबाजूला शेतं.

तात्यांना दाखवलं. ते जांभई देत म्हणाले, "ते जुनंच आहे. दर वर्षी तिथे फवारणी होते." एवढंच. मॅडमकडे गेले तर त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "जायचंय का बघायला? जीप मंगळवारी त्या बाजूला जातेय. पण उत्साहात काही बोलू नका तिथे. लोक घाबरतात."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एका घरात एवढी माणसं? जेवायला कोण घालत होतं?"

१७ फेब्रुवारी

जाऊन आले. नीट लिहायला हवं, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

गावाच्या बाहेर जीप थांबली. मी मोबाइलवर नकाशा उघडून चालत होते. निळा ठिपका म्हणजे मी, समोर लाल गोळा. अंगणात पाय टाकला आणि माझा निळा ठिपका त्या लाल गोळ्याखाली जाऊन दिसेनासा झाला.

घर दोन खोल्यांचं. एक पन्नाशीची बाई शिलाई मशीनवर बसलेली. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "यंदा पोरगी पाठवली का? पंप कुठेय तुझा?"

"मी फवारणीवाली नाही मावशी. नकाशावाली."

"मग तर बसच."

भिंतींवर आतून पांढरा थर. दर वर्षीचा एक, पावडरीचा. वास घशाशी बसतो. तिच्या गिऱ्हाइकांनी त्याच वासामुळे येणं सोडलं, आता ती शहरातल्या दुकानासाठी नुसते कॉलर आणि बाह्या शिवते. मी विचारलं, घरात काळा आजार कोणाकोणाला झाला? ती म्हणाली, "कोणालाच नाही. नवरा गेला तो ट्रॅक्टरवरून पडून. मुलगी ठणठणीत. मला साधी सर्दी होत नाही."

"पण नकाशावर..."

"नकाशा मला माहीत आहे. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावलाय ना तुमच्या लोकांनी. माझं घर म्हणजे त्यावर हा एवढा टमाटा."

मुलगी लग्न होऊन दोन तासांवर राहते. तिला दोन वर्षांची मुलगी आहे. मावशीने नातीला फक्त फोटोत बघितलंय. जावई बरा आहे म्हणे, पण त्याच्या आईने तो नकाशा पाहिला. त्या घरात माझी नात पाऊल टाकणार नाही, असं तिने सांगून ठेवलंय. आणि मावशीने तिकडे जायचं म्हटलं तर मावशीलाही दारात उभं करत नाहीत. "मी इथूनच जाणार ना, टमाट्यातून."

मी निघाले तेव्हा ती सुईत दोरा ओवत खाली बघूनच म्हणाली, "पहिल्या वर्षी तो पंपवाला म्हणाला, मावशी, तुमच्या घरात एवढे पेशंट. मी म्हटलं, बाबा, मी एकटी आहे. तो म्हणाला, कागदावर आहेत. मी हसले. पण नंतर ना, मशीन चालवताना पाठीमागे कोणीतरी बसल्यासारखं वाटायला लागलं. एक-दोन नाही. खोली भरल्यासारखं. त्रास नाही देत कोणी. नुसते बसून असतात. डॉक्टरची वाट बघत बसतात ना, तसे."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटायची. मग मी बोलायला लागले. अरे, जरा सरका, उजेड अडतोय."

मी हसले. तीही हसली. पण बाहेर पडताना मी दाराला खेटून, अंग चोरून निघाले. वाटेत कोणी बसलेलं असावं तशी.

१८ फेब्रुवारी

ते घर म्हणजे जिल्ह्याचा मध्यबिंदू आहे. बाकी काही नाही.

तात्यांनीच सांगितलं, चहा ढवळत. ज्या पेशंटचा पत्ता नसतो त्याचा ठिपका प्रोग्राम त्या जिल्ह्याच्या मधोमध नेऊन ठेवतो. आणि या आजाराचा मोठा वॉर्ड असलेलं हॉस्पिटल त्याच जिल्ह्यात. देशभरातून तिथे माणसं येतात, रस्त्याची कामं करणारे, वीटभट्टीवरचे, ट्रकवरचे. बेशुद्धच येतात कधी. पत्ता सांगायच्या आत मरतात. किंवा सांगतात आणि घरचे म्हणतात, आमचा नाही.

"तात्या, त्या बिंदूवर एक घर आहे."

"असेल. मध्यबिंदूला काय माहीत खाली घर आहे की दगड?"

"आणि फवारणी?"

"नकाशावरून आपोआप यादी निघते. माणूस मध्ये येतच नाही, हीच तर सोय."

"म्हणजे इतकी वर्षं ती बाई..."

तात्यांनी कप खाली ठेवला. "ठिपका कुठेतरी ठेवायलाच लागतो गं. नाहीतर बेरीज जुळत नाही."

माझं क्लस्टर गेलं याचं मला आधी वाईट वाटलं. हे खरं आहे म्हणून लिहिते. मावशीचं नंतर आठवलं.

२२ फेब्रुवारी

रविवार. दुपारी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं त्यांना गंमत वाटेल. अर्धवट पत्त्याचं पत्र बाबा बरोबर पोचवतात, ऑफिसात त्यांची ख्यातीच आहे. "निळ्या दाराच्या डॉक्टरांशेजारी" एवढ्यावर त्यांनी एकदा पाकीट पोचवलंय.

बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "समजा माणसाने पत्ता सांगितला. पण घरचे नाही म्हणाले. तर?"

"तर पत्ता नाही असंच धरतात."

"म्हणजे तोही तिथेच. त्या बाईच्या घरात."

"घरात म्हणजे तसं नाही बाबा. कॉम्प्युटरमध्ये."

"हो, हो." फाटक बघायला गेले.

हे फाटकाचं अति होतंय. आईला म्हटलं, बाबांना डॉक्टरकडे न्यायला हवं. आईने विळी पुढे ओढली. तेवढ्यात मला एक आठवलं, कशावरून कोण जाणे. अगदी लहानपणचं. उन्हाचा दिवस, आणि आमच्या फाटकापाशी एक माणूस उभा आहे, अंगावर चादर. भर उन्हात चादर. पोट मोठं. मला बघून त्याने हात वर केला, आणि कोणीतरी खिडकी लावली. मला नेहमी वाटायचं हे स्वप्न आहे.

आईला विचारलं. ती म्हणाली, "तुला काय आठवणार? तीन वर्षांची होतीस तेव्हा."

"म्हणजे होता कोणी?"

"भाजी चिर."

२६ फेब्रुवारी

मॅडमकडे गेले. मावशीचं घर, नात, टमाटा, सगळं सांगितलं. त्या चांगल्या आहेत, ऐकून घेतात. म्हणाल्या, "चूक आहे, मान्य. पण वगळता येणार नाही. एकूण आकडा छापून गेलाय. बिंदू हलवा."

"कुठे?"

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. मावशीच्या घराच्या उत्तरेला एक मोठा तलाव आहे. "इथे टाका. पाण्यात कोणी राहत नाही, फवारणीची यादी निघणार नाही, कोणाला त्रास नाही."

इतकं सोपं होतं. मी जागेवर आले, बिंदू उचलला, तलावात सोडला. माऊसचं बटण सोडलं आणि सगळे एकदम गेले. निळ्यावर लाल, त्यामुळे जांभळं दिसतं.

मावशीला फोन करून सांगितलं, नवीन नकाशा छापून आरोग्य केंद्रात लागेल, तुमचं घर पांढरं. तिने मशीन थांबवलं. मग म्हणाली, "आणि ते कुठे गेले?"

मी सांगितलं.

"पाण्यात?"

"मावशी, ते खरे तिथे नाहीत."

"इथे तरी कुठे होते," ती म्हणाली.

६ मार्च

झोप नीट लागत नाहीये. काही होत नाही, पण होत नाही असंही नाही.

आज ऑफिसात पाण्याचा ग्लास भरला आणि पिऊ शकले नाही. ग्लासात काही नव्हतं. बघितलं मी, उजेडात धरून. तात्या म्हणाले, "काय झालं, मासा दिसला का?" मी हसले आणि ग्लास कुंडीत ओतला.

तलावावरचा तो जांभळा गोळा सारखा दिसतो. मोठ्या स्क्रीनवर, मोबाइलवर. डोळे मिटले की पापणीच्या आत. दुसरी कामं आहेत, मलेरियाचा नकाशा अर्धा पडलाय. पण मी दिवसातून चार वेळा जाऊन बघते. काय बघते? कोणी वर आलंय का?

जेवताना बाबांनी विचारलं, "मग त्या बाईचं काय झालं?" मी म्हटलं, सुटली ती, मॅडमनी त्या सगळ्यांना तलावात टाकायला सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला.

"तलावात."

"हो."

"त्याला पोहता येत नव्हतं," बाबा म्हणाले.

आई म्हणाली, "जेवा तुम्ही."

"कोणाला?" मी विचारलं. आईने माझ्या ताटात भात वाढला.

७ मार्च

बाबांना एक धाकटा भाऊ होता. हे मला माहीत आहे. काका लांब कामाला गेला आणि तिकडेच राहिला, असं मला लहानपणापासून सांगितलंय. फोटो एकच आहे, त्यात दोघं सायकलला टेकून उभे आहेत. मी याबद्दल जास्त विचार करणार नाहीये.

११ मार्च

मावशीचा फोन. मुलगी येऊन गेली. सासूने स्वतः आरोग्य केंद्रात जाऊन नवा नकाशा बघितला, बोटाने घर शोधलं, मगच हो म्हणाली. नातीने मशीनचं चाक फिरवलं, दोरा गुंतवून ठेवला, दोन कॉलरांची वाट लावली. मावशी हे इतक्या आनंदाने सांगत होती की मलाही रडू आलं.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "ती गेल्यावर घर फार मोकळं वाटलं गं. मागे कोणीच नाही. एखाद-दोन राहिले असते तरी चाललं असतं."

१६ मार्च

आज बाबा ऑफिसात आले.

मला वाटलं, खालून कोणी डब्याचा निरोप घेऊन आलंय. तर बाबा, पोस्टाच्या शर्टात, हातात टोपी. ते कधीच माझ्या कुठल्या शाळेतसुद्धा आले नव्हते. तात्यांनी खुर्ची दिली. बाबा बसले नाहीत. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहतं तसे माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"एक पत्ता द्यायचा होता," ते म्हणाले.

तात्या म्हणाले, "मी चहा सांगून येतो," आणि गेले. तात्यांचं हे मी विसरणार नाही.

"पुरुष," बाबा म्हणाले. "वय तीसच्या आसपास. तू तीन वर्षांची होतीस, तेव्हाचा हिवाळा. हॉस्पिटलचा फोन पोस्टात आला होता. म्हणाले, पेशंट तुमचं नाव आणि हा पत्ता सांगतोय. मी म्हटलं, नाव सारखं असेल."

मी माऊसवरचा हात काढून घेतला.

"त्याच्या आधी उन्हाळ्यात तो घरी आला होता. फाटकापाशी उभा होता, आत ये म्हटलं असतं तर आला असता. तू खिडकीत होतीस. मला वाटलं, तुला लागेल."

"बाबा, हा आजार माणसाकडून माणसाला असा लागत नाही. माशी लागते."

"आता माहीत आहे. तेव्हा विचारलं नाही कोणाला."

मग मी काम केलं. दुसरं काय करणार होते? तलावाच्या गोळ्यातून ते साल काढलं, हिवाळा, पुरुष, वय. नावं आमच्याकडे नसतात, हॉस्पिटलनेही इतकी जुनी ठेवलेली नाहीत. खाली येत येत तीन ठिपके उरले. तिघंही त्याच वयाचे, त्याच हिवाळ्यातले, तिघांचाही पत्ता नाही. तिघंही गेलेले.

"यातला कुठला ते कळणार नाही," मी म्हटलं.

बाबा स्क्रीनजवळ वाकले. पत्र ओळखायला वाकतात तसे. बराच वेळ.

"तिघांनाही आण," ते म्हणाले.

"बाबा, दोन चुकीचे असतील."

"आत्ता आहेत तिथे बरोबर आहेत का?"

मी ट्रेनिंगमध्ये शिकलेली सगळी वाक्यं आठवायचा प्रयत्न केला. एकही आठवलं नाही. आमच्या घराचा पत्ता मी टाइप करायला लागले तर बाबा म्हणाले, "थांब, मी सांगतो." आणि त्यांनी आमचाच पत्ता मला सावकाश सांगितला. घर नंबर, गल्ली, निळ्या टाकीच्या मागे, पिनकोड. जसा वीस वर्षांपूर्वी फोनवर सांगायला हवा होता, तसा.

सगळ्या शहरात एकही लाल ठिपका नव्हता. आता आहे. झूम केला तरी सुटत नाही.

१९ मार्च

मॅडमनी पकडलंच. "राजधानीत काळा आजार? तीन केसेस, एका घरात, आणि ते घर तुमचं?"

मी खरं ते सांगितलं. त्या पेनचं टोपण लावत-काढत बसल्या. "हे चुकीचं आहे, माहीत आहे ना?"

"हो. तलावसुद्धा."

"फवारणीची यादी निघेल तुमच्या नावाची."

"निघू दे."

त्यांनी काही पुसायला सांगितलं नाही. जाताना म्हणाल्या, "तलावातल्या बाकीच्यांचं काय करणार?" मी म्हटलं, हॉस्पिटलच्या गावात जाऊन विचारत बसेन, कोणाला कोण आठवतं. त्या म्हणाल्या, "जन्म जाईल." नाही म्हणाल्या नाहीत.

८ एप्रिल

सकाळी फवारणीवाले आले. दोघं, पाठीवर पंप, तोंडाला फडकं. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येऊन उभ्या, मग त्यांचे मिस्टर, मग समोरच्या बिल्डिंगमधले. आईने शरमेने पदर ओढून घेतला आणि मग, काय वाटलं कोण जाणे, सोडला. वर बघून म्हणाली, "या ना खाली, चहा टाकते." कोणी आलं नाही.

मोठा पंपवाला आमच्या भिंतींवर हात फिरवून म्हणाला, "सिमेंट आहे हो हे. इथे वाळूमाशी कुठली?"

बाबा म्हणाले, "यादीत आहे ना? मारा."

त्यांनी मारलं. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, माझ्या कपाटाच्या मागे. मावशीच्या घरचा वास आमच्या घरात आला. वाळल्यावर भिंतीवर तोच पांढरा थर. मी हात लावून बघितला.

शेवटी त्याने नोंद करायला पेन काढलं. "घरात माणसं किती?"

आई म्हणाली, "तीन."

बाबा म्हणाले, "सहा."

त्याने आत डोकावून बघितलं. आम्ही तिघं समोर उभे. "बाकीचे?"

"आहेत आत," बाबा म्हणाले. "बरं नाही त्यांना."

आईने बाबांकडे बघितलं. मग पंपवाल्याला म्हणाली, "लिहा ना हो, सांगतायत तर." त्याने लिहिलं.

संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत काम करत बसले होते. खिडकीतला उजेड कमी कमी होत गेला. पाठीमागे खोली जरा भरल्यासारखी वाटली. मी खुर्ची थोडी पुढे सरकवून घेतली.

बाबा आज फाटक बघायला उठले नाहीत. फवारणीवाले जाताना तसंच सताड उघडं टाकून गेले होते. मी लावायला निघाले तर म्हणाले, "राहू दे."